शेअरबाजारातील वेळ कोणाच्या मालकीची?

(जिल्हा व तालुका कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर लिहिला गेला तेव्हा आपल्यापैकी काहींनी नाके मुरडली असतील. शेअरबाजार हा सट्टा आहे, सट्टेबाजाचा सौदा एका सेकंदात झाला काय किंवा दहा सेकंदांत झाला काय, त्याच्याशी श्रमिकांच्या चळवळीचे काय देणेघेणे, असा हा आक्षेप आहे. तो मला मुळीच हास्यास्पद वाटत नाही. आपल्या परंपरेत शेअरबाजाराविषयी जो संशय आहे तो अनुभवातून आलेला आहे. परंतु त्याच परंपरेत दुसरीही एक गोष्ट आहे. शेअरबाजारात जे घडते ते केवळ शेअरवाल्यांचे खाजगी प्रकरण नसते, हे १९५७ साली फिरोज गांधींनी लोकसभेत मुंदडा प्रकरण उपस्थित करून देशाला दाखवून दिले. तेव्हा प्रश्न आयुर्विमा महामंडळात जमा झालेल्या सामान्यांच्या पैशाचा होता. आज सामान्य माणूस स्वतःच, हातातल्या फोनवरून, थेट बाजारात उतरलेला आहे.

हा माणूस कोण आहे, ते पाहा. सप्टेंबर २०२४ मध्ये सेबीने वायदे आणि ऑप्शन यांतील व्यवहारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत या व्यवहारांत उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के व्यक्ती तोट्यात गेल्या आणि त्यांचा एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून अधिक होता. हे आकडे वृत्तपत्रांतून आपण वाचले असतील. त्याच अभ्यासातील, फारशी चर्चा न झालेले आकडे मला अधिक अस्वस्थ करतात. २०२३-२४ मध्ये या मंडळींपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक जणांचे जाहीर वार्षिक उत्पन्न पाच लाखांच्या आत होते. तिशीच्या आतील तरुणांचे प्रमाण एका वर्षात ३१ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. आणि ७२ टक्के लोक देशातील पहिल्या तीस शहरांच्या बाहेरचे होते. म्हणजे हा दलाल स्ट्रीटवरचा शेठ नव्हे. तलाठी भरतीचा अर्ज भरून दोन वर्षे वाट पाहणारा, पोलीस भरतीत एका गुणाने मागे राहिलेला, आपल्या शाखेच्या बैठकीला कधीमधी येणारा मुलगा तो हाच आहे. त्याला सट्टेबाज म्हणून निकालात काढणे सोपे आहे, पण मग रोजगाराच्या प्रश्नावर मोर्चा काढताना आपण नेमके कोणाला हाक मारणार?

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करून ठेवतो. या तरुणांचे नुकसान ॲप मंद चालते म्हणून झाले, असे मी म्हणणार नाही. बहुसंख्यांचे नुकसान त्या व्यवहाराच्या रचनेतच आहे. उद्या ॲप विजेच्या वेगाने चालू लागले तर ते थांबेल असे मानणे भाबडेपणाचे आहे. माझे म्हणणे मर्यादित आहे, आणि ते असे : या बाजारात वेळ ही एक मालमत्ता झालेली आहे, तिची विषम वाटणी झालेली आहे, आणि ज्याच्या वाट्याला ती सर्वांत कमी आली त्याच्यावरच वेळ वाया गेल्याचा पुरावा देण्याची जबाबदारी टाकलेली आहे.

हे समजण्यासाठी एका आदेशाचा प्रवास पाहावा लागेल. नागपुरात बसलेल्या माणसाने फोनवर ‘विका’ हे बटण दाबले. तो संदेश प्रथम मोबाइल कंपनीच्या मनोऱ्याकडे, तेथून इंटरनेटच्या जाळ्यातून दलालाच्या सर्व्हरकडे जातो. तेथे ग्राहकाची ओळख तपासली जाते. त्याच्या खात्यात पुरेसे मार्जिन आहे की नाही हे जोखीम-तपासणीची यंत्रणा पाहते. मगच तो आदेश शेअरबाजाराच्या दाराशी पोचतो. दारातून आत गेला की तो जोडणी-यंत्रात पडतो. तेथे समोरचा ग्राहक सापडला तर सौदा होतो आणि पावती त्याच वाटेने उलट येते. शेवटच्या टप्प्याला, म्हणजे खुद्द जोडणीला, सेकंदाचा अगदी क्षुल्लक अंश लागतो. आडतो तो त्याच्या आधीच्या वाटेवर, आणि त्यातही बहुधा दलालाच्या सर्व्हरपाशी.

जोडणी-यंत्राचा नियम साधा आहे. ज्याचा भाव चांगला तो आधी; भाव सारखा असेल तर जो आधी आला तो आधी. भाव आणि वेळ या दोनच गोष्टी. येथे जात, धर्म, ओळखपाळख, वशिला काही चालत नाही. हा नियम जेव्हा आला तेव्हा तो खरोखरच एक लोकशाही सुधारणा होता, हे आपण प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. जुन्या काळी मुंबईच्या बाजारात ‘रिंग’मध्ये उभे राहून आरडाओरड्याने आणि हातांच्या खुणांनी सौदे होत. बाहेरगावच्या माणसाला दलाल सांगेल तो भाव खरा मानावा लागे. सौदा दिवसातील कोणत्या घटकेला झाला हे त्याला कळण्याचा मार्ग नव्हता, आणि दिवसातला वाईट भाव ग्राहकाला नि चांगला भाव स्वतःला हा प्रकार काही अपवादात्मक नव्हता. १९९४ साली राष्ट्रीय शेअरबाजाराने पडद्यावरचे व्यवहार उपग्रहाच्या जाळ्यावरून सुरू केले, १९९५ मध्ये मुंबई शेअरबाजाराला त्याच वाटेने जावे लागले, २००० साली इंटरनेटवरून सौद्यांना परवानगी मिळाली. सौद्यावर वेळेचा शिक्का बसू लागला. आपल्यापैकी अनेकांनी त्या काळात उदारीकरणाला विरोध केला; मीही केला, आणि त्यातील बराचसा विरोध मला आजही योग्य वाटतो. पण रिंग गेली हे बरे झाले.

रांग आली, आता प्रश्न रांगेत कोण कोठे उभा राहतो, हा आहे.

प्रथम विश्वासार्हतेकडे वळू. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी राष्ट्रीय शेअरबाजार सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी बंद पडला. दोन दूरसंचार कंपन्यांच्या जोडण्यांत बिघाड झाल्याचे कारण सांगण्यात आले. देशातील सर्वांत मोठा शेअरबाजार, पर्यायी केंद्र उभारलेले, आणि तरीही व्यवहार पुन्हा सुरू झाले ते दुपारी पावणेचारला. पाच वाजेपर्यंत वेळ वाढवून देण्यात आली. मधल्या चार तासांत काय झाले? ज्यांनी त्याच दिवशी खरेदी करून त्याच दिवशी विकण्याच्या बोलीवर सौदे केले होते त्यांचे सौदे दलालांनी, नेहमीची बंद होण्याची वेळ जवळ येताच, मुंबई शेअरबाजारात मिळेल त्या भावाला मिटवून टाकले. त्यानंतर घोषणा झाली की वेळ वाढवली आहे. यात दलाल दोषी म्हणावा तर तो म्हणतो, बाजार पुन्हा उघडेल हे मला वेळेवर कोणी सांगितले नाही. बाजार म्हणतो, जोडणी दूरसंचार कंपनीची. नुकसान मात्र निश्चितपणे एका माणसाच्या खात्यावर पडले, आणि त्या माणसाचा या तिन्ही यंत्रणांवर काडीचाही अधिकार नव्हता.

हा शेअरबाजाराचा बिघाड झाला. दलालांचे बिघाड अधिक वारंवार आणि अधिक लहान असतात, म्हणून त्यांची बातमी होत नाही. ४ जून २०२४ हा लोकसभेच्या मतमोजणीचा दिवस आठवा. निर्देशांक त्या दिवशी ४,३९० अंशांनी खाली बंद झाला, आणि दुपारच्या सुमारास तर तो ६,२०० अंशांहून अधिक कोसळलेला होता. एका तालुक्याच्या गावी तासिका तत्त्वावर शिकवणारा माझा एक माजी विद्यार्थी आहे. तासिका तत्त्वावरील प्राध्यापकाला महिन्याकाठी काय मिळते आणि ते किती महिन्यांनी मिळते, हे या सभागृहात सांगण्याची गरज नाही. त्याने सकाळी एका कंपनीचे २०० समभाग त्याच दिवशी विकण्याच्या बोलीवर घेतले होते. भाव पडू लागला तसे त्याने विक्रीचे बटण दाबले. पडद्यावर चक्र फिरत राहिले. आदेश गेला की नाही ते कळेना, म्हणून त्याने पुन्हा दाबले. आणखी एकदा दाबले. काही मिनिटांनी यंत्रणा जागी झाली तेव्हा तिन्ही आदेश पार पडलेले होते. २०० समभाग असलेल्या माणसाने ६०० विकले, तेही दिवसाच्या तळाच्या भावाला. म्हणजे ४०० समभाग त्याच्यापाशी नव्हतेच. ते भाव वर आल्यावर परत विकत घेऊन त्याला पुरे करावे लागले. पडत्या भावात एकदा आणि चढत्या भावात दुसऱ्यांदा, असा त्याला दोन्हीकडून फटका बसला. दलालाकडून उत्तर आले की आमच्या नोंदीप्रमाणे तिन्ही आदेश आपणच दिलेले आहेत. हे उत्तर खोटे नव्हते, हीच त्यातील गंमत.

असे बिघाड नेमके अशाच दिवशी का होतात? यात गूढ काही नाही. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवला जाणारा, कमाल मागणीचा हा प्रश्न आहे. संध्याकाळी सात वाजता सर्वांनी दिवे लावले की वीजमंडळाची परीक्षा होते. गणपतीत कोकणात जाणाऱ्या गाड्यांची होते. वर्षातील दहा दिवसांच्या गर्दीसाठी यंत्रणा उभारायची म्हणजे उरलेले दिवस ती अर्धी रिकामी ठेवायची, आणि रिकाम्या यंत्रणेचा खर्च नफ्यातून जातो. सार्वजनिक सेवेने हा खर्च करावा अशी आपण अपेक्षा धरतो, तिने तो केला नाही तर आंदोलन करतो. खाजगी दलालाच्या दृष्टीने हिशेब निराळा असतो. स्वस्त दलालीची स्पर्धा तीव्र आहे. समभाग ताब्यात घेण्याच्या व्यवहारावर काही दलालांकडे दलाली नाही, इतर प्रत्येक आदेशामागे वीस रुपयांच्या आसपास, असा साधारण दर झालेला आहे. या दरात टिकायचे तर आदेशांची संख्या वाढली पाहिजे. ग्राहकाला नफा झाला की तोटा, याचा त्या वीस रुपयांशी संबंध नाही. सेबीच्या त्याच अभ्यासानुसार व्यक्तींनी तीन वर्षांत या व्यवहारांच्या नुसत्या खर्चापोटी सुमारे ५० हजार कोटी रुपये भरले आणि त्यांतील ५१ टक्के दलाली होती. तेव्हा आदेशांची संख्या वाढवण्यासाठी जाहिरात, रंगीबेरंगी पडदे, दर मिनिटाला येणाऱ्या सूचना यांवर खर्च करण्यात दलालाचा स्वार्थ आहे; गर्दीच्या दिवसासाठी क्षमता राखून ठेवण्यात तो तेवढा नाही. कारण गर्दीच्या दिवशी यंत्रणा कोलमडली तर त्याची किंमत कोण देतो, हे आधीच करारात लिहून ठेवलेले असते.

त्या कराराकडे मी आपले विशेष लक्ष वेधू इच्छितो. खाते उघडताना आपण जी पाने न वाचता मान्य करतो त्यांत हक्क आणि कर्तव्ये यांचा एक नमुना मजकूर असतो; तो सेबीनेच ठरवून दिलेला आहे. इंटरनेटवरून होणाऱ्या व्यवहारांसंबंधीच्या भागात ग्राहक असे मान्य करतो की, ही यंत्रणा गुंतागुंतीची असून ती खंडित होऊ शकते याची आपल्याला जाणीव आहे, आणि दलालाच्या अथवा शेअरबाजाराच्या नियंत्रणाबाहेरील कारणाने ती बंद पडली किंवा त्यामुळे आदेश पार पडला नाही तर त्यांच्याविरुद्ध आपला काही दावा असणार नाही. सारी मेख ‘नियंत्रणाबाहेरील’ या शब्दात आहे. कारण नियंत्रणातले होते की बाहेरचे, हे ठरवायचे कोणी आणि कोणत्या कागदावरून?

सौद्याची जी अधिकृत पावती ग्राहकाला मिळते तिच्यावर आदेशाचा क्रमांक व वेळ आणि सौद्याचा क्रमांक व वेळ छापलेली असते. ग्राहकाला वाटते की आपला सर्व इतिहास येथे नोंदलेला आहे. वस्तुतः ही आदेशाची वेळ म्हणजे तो शेअरबाजाराच्या यंत्रणेत दाखल झाला ती वेळ. त्याच्या आधी तो दलालाच्या सर्व्हरपाशी तीन मिनिटे ताटकळला असेल, तर त्या तीन मिनिटांची पावतीवर खूणही नसते. उलट दोन वेळांत सेकंदाचाही फरक न दिसल्यामुळे कागदोपत्री सेवा निर्दोष ठरते. आणि जो आदेश बाजारापर्यंत पोचलाच नाही त्याची तर पावतीच नसते. नोंदी दलालाच्या ताब्यात आहेत. ग्राहकाच्या हाती आठवण आहे. कामगार न्यायालयात हजेरीपट मालकाच्या कपाटात असतो आणि कामगाराला आपण कामावर होतो हे तोंडी सिद्ध करावे लागते, तो प्रकार आपल्याला चांगलाच परिचित आहे. आपल्या चळवळीने हजेरीपत्रकासाठी लढा दिला. येथेही मागणी त्याच जातीची आहे : आदेश दलालाच्या सर्व्हरवर केव्हा आला, तेथून केव्हा निघाला आणि शेअरबाजारात केव्हा पोचला, या तिन्ही वेळा प्रत्येक पावतीवर छापल्या गेल्या पाहिजेत. मोठ्या यंत्रणा सेकंदाच्या दशलक्षांशापर्यंत वेळ मोजतात. तेव्हा हे तांत्रिकदृष्ट्या अवघड आहे असे म्हणण्यास जागा नाही.

नियामकाने काहीच केले नाही असे मात्र नव्हे. नोव्हेंबर २०२२ मध्ये सेबीने दलालांच्या तांत्रिक बिघाडांसाठी एक चौकट आखली व ती १ एप्रिल २०२३ पासून लागू केली. त्या परिपत्रकात सलग पाच मिनिटे किंवा अधिक काळ यंत्रणा थांबली, मंदावली वा वेडीवाकडी चालली तर तो बिघाड मानला होता. तो कळवायची मुदत घातली होती. दलालांनी आढळून आलेल्या कमाल भाराच्या दीडपट क्षमता राखावी असे म्हटले होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेअरबाजारांनी ‘इर्रा’ नावाची व्यवस्था सुरू केली. तीत दलालाची यंत्रणा पूर्ण कोसळल्यास ग्राहकाला संदेशातून दुवा मिळतो आणि त्यावरून त्याला उघडे सौदे मिटवता येतात. ही पावले स्वागतार्ह आहेत. तथापि चार मिनिटे पन्नास सेकंदांचा खोळंबा या व्याख्येत बसत नाही, आणि ऑप्शनचा भाव निम्म्यावर यायला कधीकधी चार मिनिटे पुष्कळ होतात. शिवाय सगळा भर घडलेल्या बिघाडावर आहे. रोजच्या साध्या दिवशी कोणत्या दलालाकडे आदेशाला किती वेळ लागतो, दाखवलेल्या भावापेक्षा किती वाईट भावाला सौदा होतो, याचा ताळेबंद दलालाने जनतेसमोर ठेवावा ही अपेक्षा त्या चौकटीत नाही.

अमेरिका हा काही आपला आदर्श नव्हे. तेथील अनेक दलाल ग्राहकांचे आदेश बाजारात न पाठवता मोठ्या व्यापाऱ्यांना देतात आणि त्याबद्दल त्या व्यापाऱ्यांकडून पैसे घेतात. हे दुखणे त्या स्वरूपात आपल्याकडे नाही. तरीही सौद्यांच्या दर्जाचे आकडे प्रसिद्ध करण्याचा नियम तेथे २००० साली व्यवहार जुळवणाऱ्या केंद्रांसाठी आला, आणि मार्च २०२४ मध्ये तो मोठ्या दलालांनाही लागू करण्याचे ठरले. २ मार्च २०२० रोजी, बाजार प्रचंड उसळलेला असताना, रॉबिनहूड या दलालाची यंत्रणा दिवसभर बंद पडली. पुढल्या वर्षी फिन्रा या संस्थेने या आणि इतर कसुरींबद्दल त्याच्याकडून दंड व ग्राहकांची भरपाई मिळून सुमारे सात कोटी डॉलर वसूल केले. रकमेपेक्षा भरपाई हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. दंड ग्राहकाच्या हाती पडत नाही. भरपाई ज्याचे गेले त्याला मिळते. (गरिबांसाठी लुटणाऱ्याचे नाव एका दलालाने धारण करावे, हा विनोद भांडवलशाहीच करू जाणे!)

आता वेगाकडे. नागपूर ते मुंबई सुमारे आठशे किलोमीटर. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला अंदाजे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे मधल्या साऱ्या यंत्रणा निर्दोष असल्या तरी नागपूरच्या माणसाचा आदेश मुंबईला पोचायला चार सहस्रांश सेकंद लागणारच. यावर कोणाचाही इलाज नाही. हा निसर्गाचा नियम आहे. पण ज्याचा संगणक शेअरबाजाराच्या इमारतीतच, जोडणी-यंत्राच्या शेजारच्या फडताळात ठेवलेला आहे त्याला हा नियम जवळजवळ लागूच होत नाही. २००९-१० च्या सुमारास राष्ट्रीय शेअरबाजाराने अशी फडताळे भाड्याने देण्यास आरंभ केला. तिला ‘को-लोकेशन’ म्हणतात; मी तिला रांगेच्या तोंडाशी विकलेली जागा म्हणतो. रेशनच्या दुकानात जो आधी येईल त्याला आधी धान्य, हा नियम कायम ठेवायचा आणि दुकानाच्या आतल्या खोल्या मात्र भाड्याने द्यायच्या, असा हा न्याय आहे. खोल्यांत राहणाऱ्यांपर्यंतची तार सर्वांना सारख्या लांबीची दिली जाते, हे समतेचे उदाहरण म्हणून सांगितले जाते!

आणि त्या खोल्यांतही समता नव्हती. भावांची माहिती त्या काळी एकामागून एक अशी पाठवली जाई, त्यामुळे सर्व्हरशी जो प्रथम जोडला जाईल त्याला ती प्रथम मिळे. काही दलालांना याचा लाभ मिळाल्याचा आरोप एका निनावी पत्राने केला. ते ‘मनीलाइफ’ने २०१५ साली प्रसिद्ध केले, तेव्हा शेअरबाजाराने सुचेता दलाल आणि देबाशिष बसू यांच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी शेअरबाजाराची मागणी फेटाळून त्याच्यावरच पन्नास लाखांचा खर्च बसवला. एप्रिल २०१९ मध्ये सेबीने शेअरबाजाराला सुमारे ६२५ कोटी रुपये व्याजासह भरण्याचा आदेश दिला. जानेवारी २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने ती वसुली रद्द केली आणि दक्षतेतील कसुरीबद्दल शंभर कोटी भरण्यास सांगितले. कोण दोषी याच्या कायदेशीर निवाड्यात मी शिरत नाही. मला दिसते ते एवढेच, की क्षणाच्या दशलक्षांशाला एवढी किंमत होती म्हणूनच त्याच्यासाठी एवढे कोर्टकज्जे झाले.

ती किंमत कोणाच्या पदरात पडली, याचाही आकडा आहे. २०२३-२४ मध्ये वायदे आणि ऑप्शन यांत व्यक्तींनी खर्च धरण्याआधीच ६१ हजार कोटींहून अधिक गमावले. त्याच वर्षी स्वतःच्या पैशाने खेळणाऱ्या दलाली पेढ्यांनी ३३ हजार कोटी आणि परदेशी गुंतवणूकसंस्थांनी २८ हजार कोटी कमावले. या परदेशी संस्थांच्या नफ्यातील ९७ टक्के आणि पेढ्यांच्या नफ्यातील ९६ टक्के नफा संगणकाने आपोआप केलेल्या सौद्यांतून आला. आपल्या तासिकेवरच्या प्राध्यापकाचा प्रतिपक्ष म्हणजे हे यंत्र, आणि तो स्वतः दोन तासांच्या मधल्या सुट्टीत अंगठ्याने बटण दाबत असतो.

यावर एक उपाय असा सुचवला जातो की सामान्यांनाही यंत्र द्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये सेबीने किरकोळ ग्राहकांच्या स्वयंचलित सौद्यांसाठी नियमावली आणली. तिच्या मागचा हेतू बेकायदा प्रकारांना आळा घालण्याचा आहे, तो ठीक. परंतु शर्यतीत मागे पडणाऱ्याला सायकल दिल्याने शर्यत न्याय्य होत नाही, आणि पुढच्याच्या विमानाला काही फरक पडत नाही. प्रश्न असा विचारला पाहिजे की ही शर्यत समाजाच्या कोणत्या उपयोगाची आहे? कारखान्याला भांडवल मिळण्यासाठी, निवृत्त माणसाला आपले समभाग योग्य भावाला विकता येण्यासाठी, सहस्रांश सेकंदाची काय गरज आहे? बुडिश, क्रॅम्टन आणि शिम या तीन अर्थशास्त्रज्ञांनी २०१५ साली एका निबंधात दाखवून दिले की, सेकंदाच्या दहाव्या भागाएवढ्या अल्प अवधीत आलेले सर्व आदेश गोळा करून त्यांचा एकाच भावाला लिलाव केला, तर या शर्यतीचे बक्षीसच नाहीसे होते. आधी आलेल्याला त्या अवधीत काही विशेष मिळत नाही. स्पर्धा भावावर येते. हे काही पुस्तकी स्वप्न नव्हे. आपल्या बाजारात ऑक्टोबर २०१० पासून सकाळी नऊला जे पूर्वसत्र होते, त्यात आदेश गोळा करून एकच भाव काढला जातो. रोज होतो तो प्रयोग. खुद्द सेबीने ऑगस्ट २०१६ च्या चर्चापत्रात अशा लिलावांचा आणि आदेशांना जाणूनबुजून किंचित विलंब लावण्याचा पर्याय मांडला होता. एप्रिल २०१८ चे परिपत्रक निघाले तेव्हा त्यात या दोन्ही गोष्टी नव्हत्या; लहान दलालांना सामायिक फडताळ आणि भावांची माहिती विनामूल्य, अशा तरतुदी होत्या. ज्यांना फडताळाचे भाडे मिळते आणि ज्यांना फडताळातून नफा मिळतो, त्यांचा या लिलावांना उत्साह नसणार हे समजण्यासारखे आहे. पण राष्ट्रीय शेअरबाजाराच्या मोठ्या भागधारकांत आयुर्विमा महामंडळ आहे. सार्वजनिक संस्थेचे वजन कोणत्या बाजूला पडते, हा प्रश्न संसदेत विचारण्याजोगा आहे आणि तो आपल्या मित्रपक्षांच्या खासदारांपर्यंत आपण पोचवू शकतो.

तोपर्यंत तालुक्याच्या पातळीवर करण्याजोगे काम आहे. ज्यांचे असे नुकसान झाले ते बहुधा शरमेने बोलत नाहीत. घरी सांगितलेले नसते. त्यांना बोलते करा, उपदेश करू नका. बिघाड चालू असतानाच पडद्याचे छायाचित्र घड्याळाच्या वेळेसह काढून ठेवावे, आदेश लटकला असेल तर दुसऱ्यांदा बटण दाबण्यापूर्वी आदेशवही उघडून पाहावी, आणि फोन केला असल्यास वेळ लिहून ठेवावी, इतके त्यांना सांगा. तक्रार प्रथम दलालाकडे लेखी, मग सेबीच्या ‘स्कोअर्स’वर आणि तेथे समाधान न झाल्यास २०२३ साली सुरू झालेल्या ‘स्मार्ट ओ.डी.आर.’ या तंटानिवारण व्यवस्थेकडे नेता येते. तक्रारीत दलालाच्या सर्व्हरवरील नोंदीची प्रत स्पष्ट शब्दांत मागावी. ती नाकारली गेली तर तो नकार लेखी घ्यावा. अशा नकारांच्या प्रती जिल्हा कार्यालयात जमा करा. पाचपन्नास प्रती हाती आल्या की पावतीवर तीन वेळा छापण्याच्या मागणीचे निवेदन सेबीच्या मुंबईतील कार्यालयात घेऊन जाता येईल, आणि त्या शिष्टमंडळात यायला मी तयार आहे.